मालकाची मूठ

कामशेत स्टेशनाच्या अलीकडं, रुळाच्या कडेला एदलजीशेठची भाताची गिरणी होती. दिवाळी सरली की नाणे मावळातून, पवन मावळातून भाताच्या गाड्या यायला लागत आणि शिमग्यापर्यंत फाटकात बैलांना उभं राहायला जागा नसे. इंजिन दिवसभर धडधडे. तूस उडून माणसांच्या भुवया पांढऱ्या होत, घसे खवखवत आणि मानेला अशी खाज सुटे की रात्री घरी गेल्यावरही हात मानेवरच. गिरणीत अकरा माणसं होती. इंजिनावर नथू, पोती वाहायला पाचजण, पाखडायला चार बायका आणि फाटकावर भिमाजी.

भिमाजीच्या अंगात शेठचा जुना लोकरी कोट असे. शेठ ताडमाड आणि भिमाजी बुटका, त्यामुळं कोटाच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. चैत्राच्या उन्हातही तो कोट काढत नसे. कोट इमानाबद्दल मिळालेला होता आणि ही गोष्ट तो फाटकात थांबणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला सांगे.

संध्याकाळी टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोल पडले की भिमाजी फाटकात काळी घोंगडी अंथरी. माणसांनी आधी आत, ओट्यावर अंग झटकून यायचं आणि मग एकेकानं घोंगडीवर उभं राहायचं. गड्यांनी पटका सोडून झाडायचा, धोतराचा सोगा झाडायचा. बायकांनी ओटी सोडायची, पदर झाडायचा, ओचा झाडायचा. काळ्या लोकरीवर पांढरा दाणा लपत नाही. याला झाडा म्हणत. झाडा सगळ्यांनी द्यायचा. फक्त दोघांनी द्यायचा नाही. शेठनं, कारण तो मालक, आणि भिमाजीनं, कारण झाडा घेणाराच तो.

पाखडणाऱ्या चौघींत भिमाजीची बायको होती, धोंडाबाई. ती सगळ्यांत शेवटी घोंगडीवर यायची. ओटी सोडून झाडायची, ओचा झाडायची आणि झाडून झाल्यावरही उगाच उभी राहायची. "झालं न्हवं?" असं भिमाजी म्हणेपर्यंत. मग त्याच्याकडं न बघता चालू लागायची. चौदा वर्षं हे असं चाललं होतं.

चौदा वर्षांपूर्वी तिच्या ओच्यातून सात दाणे पडले होते. त्या वेळी लेक कस्तुरा तापानं फणफणलेली आणि वैद्यानं तांदळाची पेज द्या म्हणून सांगितलेलं. साऱ्या गिरणीला हे ठाऊक होतं. त्यामुळं दाणे पडले तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. "अडकलं असतील, मला ठावं न्हाई," एवढंच धोंडाबाई म्हणाली. भिमाजीनं दाणे वेचले, मोजले आणि तसेच तळहातावर घेऊन शेठच्या खोलीत गेला. शेठ हसला होता. "सात दाणा? जाऊ दे," म्हणाला होता. पण भिमाजीच हट्टाला पेटला. बायकोला सोडलं तर उद्या दुसऱ्याला कसा धरू, म्हणाला. धोंडाबाई महिनाभर घरी बसली आणि भिमाजीला कोट मिळाला.

लेक वाचली, मोठी झाली, वराळ्याला दिली. पण सोयरीक जुळताना वराळ्याच्या माणसांनी पहिलं तेच विचारलं होतं. पोरीची आई ती गिरणीतली, तीच का? धोंडाबाई दाराआड उभी राहून ऐकत होती.

शेठची स्वतःची एक रीत होती. एखाद्याचा माल कांडून झाला, पोती भरली, की शिवण्याआधी तो खाली यायचा. प्रत्येक पोत्यात हात घालून मूठभर तांदूळ काढायचा, वास घ्यायचा, दोन दाणे चावायचा, मान हलवायचा आणि उरलेले एका डब्यात टाकायचा. ही मालकाची मूठ. ती निघाल्याशिवाय पोत्याला सुई लागत नसे. शेतकऱ्यांनाही तिची सवय झाली होती. मूठ निघाली म्हणजे मालकानं माल पाहिला, असं त्यांना वाटे.

पौष महिन्यात एका दुपारी शेठनं इंजिन बंद करायला लावलं. सगळ्यांना ओट्यापुढं बसवलं. शेजारी वडगावचा वकील कागद घेऊन उभा होता.

"हा गिरणी आजपासून तुमचा," शेठ म्हणाला. "मी म्हातारा झाला. दमा हाय. छोकरा नाय, छोकरी नाय. विलायतमधी एक मानसानं आपला दुकान नोकरलोकला देऊन टाकला, मी पेपरमधी वाचला. मला वाटला, मी पण द्यावा."

वकिलानं अकरा नावं वाचली. सगळे सारखे मालक, म्हणाला. नावं वाचताना जो तो आपल्या नावाला दचकत होता.

मग नथू उभा राहिला. हातातलं तेलकट फडकं पिळत म्हणाला, "शेठ, आमचं काय चुकलं?"

"अरे, चुकला नाय काय!"

"मंग काढता कशापाई?"

"काढला नाय रे बाबा. मालक केला."

"आन् पगार कोन देनार?" एका हमालानं विचारलं.

"तूच."

"मी? कुनाला?"

"तुला!" शेठ हसायला लागला आणि हसता हसता त्याला खोकला आला. तो खोकत राहिला आणि अकरा मालक त्याच्याकडं बघत राहिले. कुणीतरी पाणी आणायला धावलं.

पाखडणाऱ्यांतली हिरी ठाकरवाडीतली होती. तिनं धोंडाबाईच्या कानाशी लागून विचारलं, "मावशे, उद्या यायाचं का न्हाई?" धोंडाबाई उठली आणि शेठच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"शेठ, माजं बी नाव हाय कागदावर?"

"हाय ना. आता वाचला."

"मंग ते सात दाने?"

"कुठला दाणा?"

शेठला आठवेना. त्यानं कपाळ चोळलं, वकिलाकडं बघितलं, पुन्हा तिच्याकडं बघितलं. त्याला खरंच काही आठवत नव्हतं. जे तिनं चौदा वर्षं डोक्यावर वागवलं ते ज्याचं होतं तो केव्हाच विसरून गेला होता. धोंडाबाई मागं फिरली. तिला राग आला की रडू, तिचं तिलाच कळलं नाही.

चारच्या गाडीनं शेठ लोणावळ्याला बंगल्यावर गेला आणि तिथून दोन दिवसांनी मुंबईला बहिणीकडं. जाताना त्यानं खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. ती घ्यायची कुणी, हे ठरेना, म्हणून ती तिथंच राहिली.

त्या संध्याकाळी टोल पडले आणि भिमाजीनं नेहमीसारखी घोंगडी अंथरली. माणसंही नेहमीसारखी ओट्यावर अंग झटकून रांगेत आली. नथू पहिला होता. घोंगडीवर पाय टाकता टाकता तो थबकला.

"भिमाभाऊ, मालकाचा झाडा घेतूस व्हय?"

रांगेत हशा पिकला. नथू घोंगडीला वळसा घालून गेला. त्याच्यामागं बाकीचे गेले. जाताना जो तो भिमाजीकडं बघून हसत होता. हिरी मात्र घोंगडीवर उभी राहिली, पदर झाडून गेली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी धोंडाबाई आली. तिनं ओटी सोडली, झाडली, ओचा झाडला आणि उभी राहिली.

"अगं, आता नगं," भिमाजी म्हणाला.

"का नगं?"

भिमाजीनं घोंगडी गोळा केली, खांद्यावर टाकली आणि दोघं घरी आली.

भाकऱ्या थापता थापता धोंडाबाईनं विचारलं, "तुमी झाडा घेत व्हता, त्यो कुनासाटी?"

"शेठसाटी."

"आन् आता शेठ कोन?"

"आपुन. अकराजन."

"मंग मी माजंच चोरलं का?"

"तवा आपली नवती गिरनी."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मला गिरनी नगं, काय नगं. तुमी यकदा म्हना, धोंडे, अडकलं असतील. बास."

भिमाजी चुलीतल्या जाळाकडं बघत बसला. तसं म्हणायला त्याची जीभ रेटेना. चौदा वर्षं तो त्या सात दाण्यांवरच उभा होता. "दाना आपूआप अडकत न्हाई," तो म्हणाला. तिनं भाकरी त्याच्या ताटात टाकली, ती जरा जोरातच पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन तासभर सुरूच झालं नाही. शेठ रोज येऊन "चालू करो" म्हणायचा. आता ते म्हणायचं कुणी? नथू चाकावर हात ठेवून वाट बघत होता. बाकीचे एकमेकांकडं बघत होते. बाहेर गाड्यांचे बैल शेपट्या उडवत होते. शेवटी एक गाडीवानच वैतागून ओरडला, "अरं, चालू करा की!" आणि नथूनं चाक फिरवलं. त्या महिन्यात गिरणी रोज कुणा ना कुणा गाडीवानाच्या ओरडण्यानं सुरू झाली.

शेठच्या खुर्चीवर कुणी बसेना. तिच्यावरची धूळ मात्र रोज पुसली जाई. गड्यांना वाटे शेठ परत येईल आणि म्हणेल, गंमत केली. काहींना वाटे आपली परीक्षा चालली आहे. नथूला एकदा वाटे आपण मोठी माणसं झालो आणि एकदा वाटे आपल्याला कुणीतरी फसवलं आहे. फसवलं कसं, ते मात्र त्याला सांगता येत नसे.

मुठीचा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. पोती भरली, दोरा ओवला, आणि शिवणारा सुई हातात धरून थांबला.

"मालकाची मूठ?"

जो तो दुसऱ्याकडं बघायला लागला. एकानं काढावी तर बाकीच्यांनी काय केलं? सारे सारखे, असं वकिलानंच वाचलेलं. शेवटी नथूनं हात घातला. मग त्याच्या शेजारच्यानं. मग एकेक करून सगळ्यांनी. शेठ करायचा तसाच वास घ्यायचा, तसेच दोन दाणे चावायचे, तशीच मान हलवायची. उरलेले ओटीत, पटक्याच्या सोग्यात. त्यांच्या मनात पाप नव्हतं. उलट मूठ चुकली तर मालकपणात कसूर होईल, अशी भीती होती. एक हमाल आजारी पडला तेव्हा त्याची मूठ भावकीतल्या माणसानं येऊन काढली.

भिमाजीलाही फाटकावरून हाक यायची. तो कोट सावरत यायचा आणि प्रत्येक पोत्यात मनगटापर्यंत हात घालायचा. अठरा वर्षं त्यानं गिरणीतल्या तांदळाला बोट लावलं नव्हतं. तांदूळ आतून कोमट असतो, हे त्याला या वयात कळलं.

हिरी मूठ काढायची, वास घ्यायची आणि कुणी बघत नाही असं बघून परत पोत्यातच टाकायची. मूठ काढायची हे तिला कळलं होतं, पण पुढं तिचं काय करायचं ते कळलं नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती.

माघात तिकोणा पेठेचा अंबाजी आला. मोठा शेतकरी, पांढऱ्या मिशा, आवाज खणखणीत. त्याचा आंबेमोहोर सगळ्या पवन मावळात नावाजलेला. आठ दिवसांपूर्वी तो एक खेप कांडून घेऊन गेला होता. ही दुसरी खेप, वीस पोती. पोती भरून ओळीनं उभी राहिली आणि अकरा मालकही ओळीनं उभे राहिले. अंबाजी गाडीच्या जुवावर बसून तमाखू मळत होता. चौथ्या माणसाची मूठ निघाली तेव्हा त्याचा मळता अंगठा थांबला. सातवी निघाली तेव्हा तो उठला.

"हे काय चाललंय?"

"मालकाची मूठ, आबा," नथू म्हणाला.

"ती निगाली की मगाशीच."

"ती माजी. ही त्याची."

अंबाजीनं रांगेवरून नजर फिरवली. "गेल्या खेपंला मी घरी जाऊन माप केलं. चार पायल्या कमी. म्या म्हनलं बायकूचंच माप चुकलं, तिलाच बोललो. बोलवा मालकाला!"

अकराजण हजर होते आणि बोलवायचं कुणाला ते कुणाला कळेना. हिरीनं तर मागं वळून शेठच्या खोलीकडं बघितलं.

"मालकच हाव आमी," नथू हळूच म्हणाला.

"यका मालकाची मूठ मला परवडत व्हती," अंबाजी म्हणाला. "अकरा मालक मला परवडत न्हाईत. शेठला शिव्या दिल्या तर त्यो ऐकून तरी घ्यायचा. तुमच्यातल्या कुनाला द्यायच्या, ते तरी सांगा!"

त्यानं निघालेल्या मुठी परत पोत्यात टाकायला लावल्या आणि आहेत तशी पोती गाडीत घातली. उरलेलं भात वडगावच्या गिरणीत नेईन आणि पेठेतल्या सगळ्यांना सांगेन, असं बजावून तो गेला. गाडी रूळ ओलांडून गेली. पेठेच्या गाड्या बंद झाल्या तर गिरणी शिमगाही गाठणार नाही, हे मात्र सगळ्यांना एकदम कळलं.

"मूठ बंद करा," धोंडाबाई म्हणाली. "त्यानंच गेलं तांदूळ."

"मुटीनं चार पायल्या जात्यात व्हय?" नथू उसळला. त्यालाही मनातून ते पटलं होतं, पण पहिली मूठ त्याची होती. "कुनीतरी नेतंय. झाडा बंद झाला तवापास्नं चाललंय हे. भिमाभाऊ, घोंगडी टाक सांजच्याला."

"कुनाचा घेऊ झाडा?"

नथूची नजर फिरली आणि हिरीवर थांबली. "ठाकरनीचा घे. आपल्यातलं कोन कशाला नेईल?"

"दादा, आमी बी मालक न्हवं?" हिरी म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तिला खरंच विचारायचं होतं.

"हायेस की. कोन न्हाई म्हनतंय? पर झाडा दे."

संध्याकाळी टोल पडले. भिमाजीनं घोंगडी अंथरली. महिनाभरानं ती त्याच्या हाताला लागली आणि त्याला बरं वाटलं. आपण कोण आहोत ते पुन्हा कळल्यासारखं वाटलं. सगळे गोलाकार उभे राहिले. हिरी पुढं झाली तशी धोंडाबाईनं तिचा दंड धरून मागं ओढली आणि स्वतः घोंगडीवर चढली.

"तुला कुनी सांगितलं?" भिमाजी म्हणाला.

तिनं ओटी सोडली आणि झाडली. ओचा झाडला. पदर डोक्यावरून काढून झाडला. काही पडलं नाही. ती खाली उतरली.

"आता तुमी."

"मी?"

"तुमी मूठ काढली न्हवं? मालक म्हनून काढली. मंग झाडा द्या. अठरा वर्सांत तुमचा झाडा कुनी घेतला न्हाई."

कुणीतरी हसलं. नथूनं हसणाऱ्याला डोळ्यांनी दटावलं, पण स्वतःही पुढं होऊन भिमाजीला अडवलं नाही. पण भ्यायचं काय कारण होतं? इमान त्याच्या अंगावर होतं. वहाणा काढून तो घोंगडीवर चढला. पायाखाली लोकर टोचली. इतकी वर्षं अंथरली, पण ती टोचते हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं पटका सोडून झाडला. धोतराचा सोगा झाडला. काही नाही. त्यानं सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं.

"कोट," धोंडाबाई म्हणाली.

त्यानं कोट काढला, खांद्याला धरून झटकला. काही नाही.

"बाह्या सोडा."

दुमडी चौदा वर्षांची होती. तिची घडी उलगडताना त्याची बोटं अडखळली. उजवी बाही खाली लोंबली आणि तिच्यातून पांढरे दाणे काळ्या घोंगडीवर पडले.

भिमाजी खाली बसला. सवयीनं त्याचं बोट दाण्यांवरून फिरलं. एक, दोन, तीन. नऊ होते. त्यानं ते वेचून तळहातावर घेतले आणि उठून शेठच्या खोलीकडं दोन पावलं चाललाही. मग थांबला. खोलीला कुलूप नव्हतं, किल्ली टेबलावर होती आणि आत रिकामी खुर्ची होती.

"कुनाला सांगायचं?" तो म्हणाला. त्यानं नथूकडं बघितलं. नथूनं मान खाली घातली.

"मला सांगा," धोंडाबाई म्हणाली. "मी बी मालक हाय."

भिमाजी तिच्यापुढं येऊन उभा राहिला. हात पुढं केला. नऊ दाणे घामानं तळव्याला चिकटले होते. मूठ काढताना बाही पोत्यात जायची, हे त्याला आता कळत होतं, पण ते सांगायला गेला तर तोंडातून दुसरेच शब्द आले.

"अडकलं असतील," तो म्हणाला. "मला ठावं न्हाई, धोंडे."

म्हणून झाल्यावर त्याला ऐकू आलं आपण काय म्हणालो ते. त्याचा हात कलला आणि दाणे एकेक करून खाली पडायला लागले. धोंडाबाईनं आपल्या हातानं त्याचा हात मिटवला.

"मला बी ठावं नवतं," ती म्हणाली.

मग तिनं घोंगडी उचलली, फाटकाबाहेर नेऊन झटकली आणि हिरीला म्हणाली, "चल गं, अंधार पडतुया." हिरी तशीच गेली. बाकीचेही गेले. भिमाजीनं कोट हातात घेतला, पण अंगात घातला नाही. थंडी होती तरी तसाच घरी गेला.